चंद्रावरचा ससा आणि अकलूजची विहीर

अकलूजच्या शिवारात एखादी जुनी, आतून न बांधलेली विहीर दिसली, तर तिची भिंत वरून खाली सावकाश पाहावी. सगळ्यात वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा, पहारीला दाद देणारा मऊ खडक. त्याच्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. आणि कुठे कुठे दोन पाषाणांच्या मधे तांबड्या मातीचा एक बारीक पट्टा. मांजऱ्या लागला की पाणी जवळ आलं, असं विहीर खोदणारे सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं. मला मात्र या भिंतीत आणखी काहीतरी दिसतं. चंद्र, मंगळ आणि शुक्र यांच्या जमिनी समजून घ्यायला जे जे लागतं, त्यातलं कितीतरी माळशिरस तालुक्याच्या पोटात तयार पडलेलं आहे. ग्रहांबद्दल लोकांना सांगायचं असेल तर दुर्बीण नंतर आणली तरी चालेल, आधी विहिरीच्या काठावर जावं, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

काळ्या पाषाणाचा प्रत्येक थर म्हणजे लाव्हारसाचा एकेक लोंढा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि आतला तप्त रस बाहेर येऊन पसरला. शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर सोडणारा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. हा रस भेगांतून वर येत होता आणि सपाट पसरत होता. एक लोंढा थंड व्हायचा, काही काळ जायचा, मग दुसरा त्याच्यावर यायचा. आज उरलेलं या खडकाचं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटरवर हा खडक संपला. कोयनेच्या परिसरात काही ठिकाणी तो सव्वा किलोमीटर खोलपर्यंत गेलेला सापडला. अकलूज या दोन्हींच्या मधे आहे. म्हणजे आपल्या घराच्या पायाखाली कित्येकशे मीटर गोठलेला लाव्हा आहे आणि त्याच्याही खाली, त्याने झाकून टाकलेली, अब्जावधी वर्षं जुनी जमीन आहे. त्या जमिनीवर कधीकाळी पाऊस पडत होता, ऊन पडत होतं. आता तिथे पोचायला छिद्र पाडण्याचं यंत्रच हवं.

यातले काही लोंढे किती लांब गेले हे वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं. सह्याद्रीकडून निघालेला लाव्हा आजच्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळ, सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असं भूवैज्ञानिक मानतात. वर साय धरल्यामुळे आतला रस गरम राहिला आणि वाहत राहिला.

मांजऱ्याची भोकंही त्याच दिवसांची. लाव्हा वर येताना त्यात विरघळलेला वायू सुटतो, बुडबुडे वर चढतात आणि लोंढ्याच्या माथ्याशी अडकून गोठतात. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि जाताना पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक ठेवून गेलं. तांबडा पट्टा त्याहून बोलका आहे. दोन लोंढ्यांच्या मधे इतका अवधी गेला की खालच्या कातळाची माती झाली, तिला हवेनं तांबडं केलं आणि मग वरून पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. म्हणजे त्या वीतभर पट्ट्यात उद्रेकांच्या मधली शांतता साठलेली आहे.

आता पाषाणाचा एक ताजा फुटलेला तुकडा हातात घ्या. साध्या डोळ्यांना तो नुसता काळा दिसतो, कारण त्याचे दाणे फार बारीक आहेत. हे समजायला अकलूजकरांना पुस्तक लागत नाही. साखर कारखान्यातल्या पॅनमध्ये दाणा कसा धरतो हे इथे घरोघरी माहीत आहे. पाक झटपट गार केला तर दाणा बारीक पडतो आणि दिवसेंदिवस सावकाश गार होऊ दिला तर खडीसाखरेचे खडे तयार होतात. खडकाचंही तेच. उघड्यावर पसरलेला लाव्हा लवकर गार झाला म्हणून बारीक दाण्याचा बेसाल्ट झाला. तोच रस जमिनीखाली अडकून हजारो वर्षांत थंड झाला असता, तर त्यात डोळ्यांना दिसतील असे मोठे स्फटिक असते. भिंगाखाली या काळ्या दगडात मुख्यतः दोन खनिजं दिसतात. एक राखाडी-पांढरं, बारीक पट्ट्यांचं प्लॅजिओक्लेज आणि दुसरं काळं-हिरवट पायरॉक्सिन. ही दोन नावं लक्षात ठेवा. पुढे तीच पुन्हा भेटणार आहेत, फक्त जागा बदलेल.

चंद्रावर ससा दिसतो हे आपल्याला आजीनं दाखवलेलं असतं. तो ससा म्हणजे चंद्रावरचे काळे डाग, आणि ते डाग बेसाल्टचे आहेत. चंद्र घडताना आणि घडल्यावर त्याच्यावर प्रचंड आघात झाले, मोठमोठी खोरी पडली आणि पुढे आतून आलेल्या लाव्हारसानं ती भरली. जुन्या खगोलज्ञांना ते समुद्र वाटले, म्हणून नावं समुद्रांची पडली. बहुतेकांना सशाचं डोकं जिथे दिसतं तो डाग म्हणजे शांतीचा समुद्र. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ उतरलं ते तिथे. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी साडेएकवीस किलो दगडमाती आणली. त्यातल्या काळ्या दगडांच्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तेव्हा दिसलं प्लॅजिओक्लेज आणि दिसलं पायरॉक्सिन. जोडीला टायटॅनियमचं एक खनिज भरपूर.

मला हे सांगताना आजही अंगावर काटा येतो. सशाचं डोकं आणि अकलूजच्या विहिरीची भिंत एकाच जातीच्या दगडाची आहे. वय मात्र फार वेगळं. अपोलो ११ चे बेसाल्ट साडेतीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत, आपला पाषाण त्यांच्यापुढे कालचा. आणि एक फरक त्याहून महत्त्वाचा आहे. चंद्राच्या दगडावर गंज नाही, त्याची चिकणमाती झालेली नाही. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा तो दगड भिंगाखाली आजही ताजा दिसतो, कारण त्याच्यावरून पाणी वाहिलंच नाही. इकडे सहा-सात कोटी वर्षांत आपल्या पाषाणाचा मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली आणि त्या मातीत ऊस उभा राहिला. दोन दगडांची सुरुवात सारखी. एकाला नदी मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

चंद्राच्या ज्या बाजूला आपल्याला कधीच पाहता येत नाही, तिथे असे काळे डाग जवळपास नाहीत. १९५९ मध्ये सोव्हिएत लुना ३ यानानं त्या बाजूचे पहिले फोटो पाठवले तेव्हा सगळेच चकित झाले. पलीकडचं कवच जाड आहे, त्यामुळे लाव्हाला वर येणं अवघड गेलं, असं एक स्पष्टीकरण आहे. पण मुळात एकीकडचं कवच जाड आणि दुसरीकडचं पातळ का, यावर अजून वाद चालू आहे. चंद्राची पाठ आपल्याकडे असती तर आपल्या गोष्टींत ससा आलाच नसता.

आषाढात तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते, गोल रिंगण होतं, मुक्काम पडतो. एकादशीला तेव्हा पाच-सहा दिवस असतात. म्हणजे तिथी पंचमी-षष्ठीच्या आसपासची, आणि ढग बाजूला झाले तर पश्चिमेला वाढती कोर दिसतेच. एकादशी धरणारा वारकरी चंद्राचं एक मोजमाप आयुष्यभर पाळत असतो. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका दिशेला असतात. तिथून चंद्र सूर्याच्या पुढे बारा-बारा अंश सरकला की एकेक तिथी पुरी होते. एकादशी म्हणजे हे अंतर एकशे वीस अंशांपासून एकशे बत्तीस अंशांपर्यंत असण्याचा काळ. उपवासाच्या तारखेत भूमिती आहे आणि ती अगदी काटेकोर आहे. ग्रहविज्ञान सांगणाऱ्यानं लोकांना शून्यापासून शिकवायला जाऊ नये. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे.

या तिथ्यांच्या भाषेत २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ फार सुंदर समजते. त्या दिवशी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान ३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण भागात उतरला. शाळांतून, चौकांतून, घराघरांतून लोक पडद्याकडे बघत होते. तिथी होती श्रावण शुद्ध सप्तमी. सप्तमी-अष्टमीला आपल्याला अर्धा चंद्र दिसतो. चंद्राच्या मध्यावर तेव्हा नुकती सकाळ होत असते, आणि उजेड-अंधाराची जी सरळ रेष आपल्याला दिसते ती चंद्रावरची सूर्योदयाची रेष असते. विक्रम उतरला तिथे थोड्याच वेळापूर्वी उजाडलं होतं. मुद्दामच. यान सूर्याच्या उजेडावर चालणार होतं आणि चंद्रावरचा दिवस आपल्या पंधरवड्याएवढा असतो. सकाळी उतरलं तर पूर्ण दिवस कामाला मिळतो. ‘चौदा दिवसच का?’ हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला जात होता. त्याचं उत्तर भिंतीवरच्या कालदर्शिकेत होतं. वद्य पक्ष अर्धा सरत आला की चंद्राच्या त्या भागात संध्याकाळ होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला विक्रम आणि त्यातून उतरलेली गाडी प्रज्ञान यांना निजवलं ते त्यासाठी.

ते यान ज्या रॉकेटवरून गेलं, त्याच्या दोन्ही अंगांना एस-२०० नावाचे घन इंधनाचे दोन प्रचंड बूस्टर असतात, प्रत्येकात सुमारे दोनशे टन इंधन. त्यांचे पोलादी भाग घडले ते आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर, नीरेच्या पलीकडे, वालचंदनगरला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी वसवलेलं हे गाव. साखर कारखान्यांची यंत्रं करणारे हात १९७० च्या दशकापासून इस्रोसाठीही पोलाद वळवत आले आहेत. अकलूजच्या एखाद्या मुलाला मी चंद्राबद्दल सांगायला बसलो, तर नासाच्या ह्यूस्टनच्या आधी वालचंदनगरचं नाव घेईन.

प्रज्ञाननं शंभरेक मीटर फिरून तेवीस ठिकाणची माती तपासली. प्रज्ञानवरच्या एका उपकरणाचं काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं केलं आणि संतोष वडवळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही माती बेसाल्टची नाही. ती चंद्राच्या उजळ भागाची, अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट खडकाची आहे. आणि अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणजे जवळपास सगळं प्लॅजिओक्लेज. आपल्या पाषाणातल्या त्या पांढुरक्या पट्ट्या आठवा. चंद्र अगदी नवा होता तेव्हा त्याचा वरचा भाग वितळलेला होता, असं मानलं जातं. तो गार होताना जड खनिजं खाली बसली आणि हलकं प्लॅजिओक्लेज वर तरंगत येऊन त्याचं पांढरं कवच झालं. म्हणजे चंद्राचा उजळ भाग हे त्याचं पहिलं कवच आणि ससा हा नंतर आतून आलेला रस. चंद्राकडे बघताना हे दोन रंग वेगळे ओळखता आले, की त्याचा अर्धा इतिहास नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

मंगळावर जाऊ. आपल्या लाव्हाचा उगम कुठे होता, याचं सर्वाधिक चर्चेतलं उत्तर हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाकडे बोट दाखवतं. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. पृथ्वीच्या पोटातला तो तप्त स्रोत साधारण जागच्या जागी राहिला आणि भारताची जमीन त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेली. आपला कातळ ओतला जात होता तेव्हा आजची अकलूजची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खडक गोठताना त्यातल्या लोहखनिजात त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अडकून राहते, तीवरून हे कळतं. मंगळावर अशी सरकणारी जमीन नाही. तिथे स्रोताच्या वरची जागा कधी बदललीच नाही, लाव्हा एकाच ठिकाणी कोट्यवधी वर्षं साचत राहिला आणि ऑलिंपस मॉन्स उभा राहिला. उंची बावीस किलोमीटरच्या घरात. पायथ्याची रुंदी सुमारे सहाशे किलोमीटर, म्हणजे अकलूज ते नागपूर सरळ रेषेत जेवढं अंतर आहे त्याहून थोडी जास्तच.

उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या मिटतात. हे काम स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीचं. पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की आकसते. बेसाल्टवर पाण्यानं दीर्घकाळ काम केलं की ती तयार होते. क्युरिऑसिटी ही गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली आणि २०१३ च्या सुरुवातीला तिनं एका प्राचीन तळ्याच्या तळाशी साचलेल्या दगडाला पहिलं छिद्र पाडलं. भुकटी तपासली, तर जवळपास पाचवा हिस्सा स्मेक्टाइट. मंगळावर एके काळी गोडं, फारसं आंबट नसलेलं पाणी होतं हे ज्या पुराव्यांवरून म्हणता आलं, त्यात ही चिकणमाती होती. आपल्याकडे ती गाळात फसलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला लागते. तिथे तिची चिमूटभर सापडली तर जगभर बातमी होते. मंगळाचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि विहिरीतल्या तांबड्या पट्ट्याचाही.

नीरेच्या वाळूत चुंबक फिरवा. काळे बारीक कण त्याला चिकटतील. ते बेसाल्टमधून सुटलेलं मॅग्नेटाइट, टायटॅनियम मिसळलेलं. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या वायकिंग यानांना चुंबक बसवलेले होते आणि त्यांनाही मंगळाची माती अशीच चिकटली होती. हा प्रयोग कुठल्याही शाळेला फुकट करता येतो. पण इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. गच्चीवरच्या धुळीत चुंबक फिरवून ‘उल्काधूळ’ गोळा करण्याचा प्रयोग हल्ली सगळीकडे सांगितला जातो. अंतराळातून धूळ रोज पडते हे खरं आहे. पण बेसाल्टच्या प्रदेशात चुंबकाला लागणारा जवळजवळ प्रत्येक कण इथल्याच मातीचा असतो. मुलांना तो उल्का म्हणून दाखवणं म्हणजे त्यांची फसवणूक. उलट हा कण सहा-सात कोटी वर्षं जुन्या लाव्हातला आहे, असं खरं सांगितलं तर मुलं कमी चकित होतील, असं मला मुळीच वाटत नाही. काळा, जड दगड सापडला की ‘ही उल्का का?’ असं विचारणारेही भेटतात. महाराष्ट्रात उल्का पडतात. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला पडली होती. पण दगडाच्या बाहेर जळाल्याची पातळ काळी साल आणि आत फिकट रंग असेल, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

आणि कधी कधी आकाशातून पडलेला दगडही बेसाल्टच निघतो. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये शेरघाटीला एक दगड पडला. तो मंगळाचा आहे हे कळायला शंभराहून अधिक वर्षं गेली. त्याच जातीचा एक दगड १९७९ मध्ये अंटार्क्टिकात सापडला, त्यात अडकलेला वायू आणि वायकिंगनं मंगळावर मोजलेली हवा जुळली. शेरघाटीच्या दगडाची दुसरीही एक कीर्ती आहे. १८७२ मध्ये चेरमाक या शास्त्रज्ञानं त्यात एक विचित्र काच ओळखली. प्लॅजिओक्लेजला इतका जबर धक्का बसला होता की न वितळताच त्याची काच झाली होती. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या धक्क्यानं ती होत नाही. तिला आघात लागतो तो उल्केचा.

ही काच आपल्याला लोणारला घेऊन जाते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, आत खारं, अल्कधर्मी पाणी. हे ज्वालामुखीचं तोंड आहे, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. भोवती सगळीकडे लाव्हाच असताना दुसरं काय वाटणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं. पण खात्री पटली १९७० च्या दशकात. भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी तळाशी भोकं पाडली आणि वर आलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. आपल्याच पाषाणातलं प्लॅजिओक्लेज, आघातानं काच झालेलं. १९७३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे आर्गॉनच्या मोजणीवरून वय निघालं सुमारे पावणेसहा लाख वर्षं. पडलेला गोळा साठेक मीटरचा असावा असा अंदाज आहे.

पृथ्वीवर उल्केची विवरं आणखी आहेत, पण संपूर्ण बेसाल्टमध्ये पडलेली आणि इतकी नीट टिकलेली फार थोडी. चंद्राचे समुद्र आणि मंगळाची मैदानं बेसाल्टची. तिथली विवरं कशी घडली हे हात लावून पाहायचं तर जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. स्थानिक लोक मात्र तिथे लवणासुराची गोष्ट सांगत आले आहेत. असुर जमिनीखाली बिळात राहत होता, विष्णूनं दैत्यसूदनाच्या रूपात येऊन पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. या कथेची थट्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याचबरोबर ‘आपल्या पूर्वजांना उल्का माहीत होती’ असं म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. हा खड्डा साधा नाही एवढं त्या लोकांनी नीट पाहिलं होतं. कारण शोधायला मॅस्केलिनाइट लागलं. लोणारला गेलेल्या मुलाला दोन्ही सांगावं आणि कुठलं काय आहे हेही सांगावं.

शुक्रावर फार थांबता येत नाही. यानांनाही थांबता आलं नाही. व्हेनेरा १४ मार्च १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि ५७ मिनिटं टिकलं. तापमान साडेचारशे अंशांच्या वर. तेवढ्या वेळात त्यानं मातीचा नमुना आत घेऊन तपासला. बेसाल्ट!

हे सगळं कळायला माणसं लागली, आणि कळलेलं सांगायलाही लागली. आपल्या जिल्ह्यात याची एक मोठी संधी १८९८ मध्ये आली होती. २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण होतं. सावलीचा पट्टा कोकणातून घाटावर येऊन सोलापूर जिल्ह्यावरून विदर्भाकडे गेला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला, अकलूजपासून सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी तळ ठोकला. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल त्यांच्या चाळीस फुटी कॅमेऱ्यासह आले होते. दोन मिनिटांच्या अंधारासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून. नायगमवालांचा अहवाल १९०२ मध्ये निघाला. तो इंग्रजीत आहे, जाणकारांसाठी आहे. जेऊरच्या शेतकऱ्यासाठी तो लिहिलेला नव्हता.

त्याच सावलीत विजयदुर्ग होता आणि तिथे नॉर्मन लॉकयर आले होते. आज विजयदुर्गावर ‘हेलियमचा शोध इथे लागला’ असं अभिमानानं सांगितलं जातं. लॉकयर यांनी सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेषा नोंदली १८६८ च्या ऑक्टोबरात, आणि तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते तीस वर्षांनी आले. खरी गोष्ट पुरेशी मोठी असताना तिला खोट्याची जोड का द्यावी? एकदा चूक पकडली गेली की ऐकणारा उरलेल्या खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

मराठीत सांगणारे नव्हते असं मात्र नाही. त्याच काळात शंकर बाळकृष्ण दीक्षित लिहीत होते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास त्यांनी १८९६ मध्ये मराठीत दिला, आणि सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं. त्याचं उपशीर्षक ‘रात्रीची दोन घटका मौज’. इतका मोठा पंडित आकाशाला मौज म्हणतो, हे मला फार आवडतं. पुढे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला गर्दी करायची. ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. आणि उत्तर यायचं. अकलूजसारख्या गावातल्या मुलाला पुण्याला जाणं परवडत नव्हतं तेव्हाही पोस्टकार्ड परवडत होतं. विज्ञान सांगण्याची याहून नेटकी पद्धत मला माहीत नाही, कारण तिच्यात बोलण्याची पहिली पाळी ऐकणाऱ्याची होती.

त्या पहिल्या पाळीत बऱ्याचदा भीती बोलते. साडेसातीबद्दल विचारलं जातं. तेव्हा मी हिशेब मांडतो. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत जवळपास अडीच वर्षं. तीन राशींची साडेसात. आकडा बरोबर आहे, हजारो रात्रींच्या निरीक्षणातून आलेला आहे. तो मोजणाऱ्यांना नमस्कार करावा. शनी मात्र तेवढ्या काळात फक्त आपल्या वाटेनं चाललेला असतो, आणि दुर्बिणीतून त्याची कडी पाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी भीती टिकलेली पाहिलेली नाही.

दुर्बीण नसेल तर साधी द्विनेत्री चालते. शुद्ध षष्ठी-सप्तमीला सशाचं डोकं उजेडात येतं, तेव्हा शांतीचा समुद्र पाहावा. अष्टमीला उजेडाच्या रेषेवरची विवरं पाहावीत, सावल्या लांब असल्यानं ती सर्वांत उठून दिसतात. आणि दशमी-एकादशीला चंद्राच्या उत्तरेकडच्या कडेला, उजेडाची रेष जिथे असेल तिथे शोधावं. एक अर्धगोल डोंगररांग अंधारात पुढे आलेली दिसेल, शिखरांवर ऊन आणि खाली अजून रात्र. तिच्या कवेतलं मैदान म्हणजे इंद्रधनूचा उपसागर, तोही लाव्हानं भरलेला. त्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावर डिसेंबर २०१३ मध्ये चीनचं यान उतरलं आणि त्याच्या युतू गाडीनं तिथला दगड तपासला. तिथून पश्चिमेला वादळांच्या महासागरातून २०२० मध्ये चीनच्याच दुसऱ्या यानानं बेसाल्ट पृथ्वीवर आणला. वय निघालं दोनशे कोटी वर्षं. चंद्र तोपर्यंत थंड झाला असेल असं सगळे धरून चालले होते. इतका लहान गोळा इतका उशिरापर्यंत आतून गरम कसा राहिला, यावर आता काम चालू आहे.